कार्यालयाचा ई-मेल खिशात, पण मोबाईलची किल्ली कोणाकडे?

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या भागांतून येरवडा, कल्याणीनगर आणि खराडीतील कंपन्यांत जाणारे नोकरदार पुष्कळ आहेत. नव्या ठिकाणी रुजू होताना ओळखपत्राबरोबर बहुधा एक सूचनाही मिळते, ती म्हणजे कार्यालयाचा ई-मेल स्वतःच्या मोबाईलवर सुरू करून घेण्याची. हे काम दोन मिनिटांचे असते. मात्र त्या दोन मिनिटांत आपण कशाला संमती दिली, हे फार थोडे जण वाचतात.

पत्र आले का, हे पाहण्यासाठी तासातासाने टपाल कार्यालयात खेपा घालाव्यात, तशी ई-मेलची जुनी पद्धत होती. ‘पुश’ पद्धतीत पोस्टमनच दारात येतो. प्रत्यक्षात यामागे एक युक्ती असते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये २००५ पासून आलेल्या व्यवस्थेत फोन सर्व्हरकडे विचारणा करतो आणि सर्व्हर उत्तर न देता ती रोखून धरतो. मेल येताच उत्तर जाते. मेल न आल्यास काही मिनिटांनी फोन तीच विचारणा पुन्हा करतो. वारंवार खेपा वाचल्याने बॅटरीही वाचते.

भारतात हा प्रकार लोकप्रिय केला तो ब्लॅकबेरीने. एअरटेलने २००४ मध्ये ही सेवा येथे आणली आणि टपोऱ्या बटणांचा तो हॅण्डसेट अधिकारपदाची खूणच बनला. कंपन्यांचे मेल त्यात सांकेतिक रूपात जात आणि ते उलगडण्याची किल्ली ग्राहक कंपनीच्या सर्व्हरवर राही. सुरक्षा यंत्रणांना ते वाचता येईनात, तेव्हा केंद्र सरकारने ३१ ऑगस्ट २०१० ची मुदत देऊन सेवा बंद करण्याचा इशारा दिला होता. पुढे वाद निवळला, बाजार अँड्रॉइड आणि आयफोनकडे गेला आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनची सेवा थांबली.

तेव्हा हॅण्डसेट बहुधा कंपनीचा असे. आता तो कर्मचाऱ्याचा असतो आणि खरा पेच येथेच आहे. अँड्रॉइडच्या साध्या मेल ॲपमध्ये एक्स्चेंज खाते जोडताना ‘डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर’ सुरू करण्याची विनंती पडद्यावर येऊ शकते. त्या यादीत फोनमधील सर्व माहिती पुसण्याचा अधिकारही असतो. आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्ये जोडलेल्या खात्यामार्फतही तसा आदेश देता येतो. फोन हरवल्यास गोपनीय पत्रे परक्याच्या हाती पडू नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण नोकरी सोडताना तोच आदेश दिला गेला, तर मुलांची छायाचित्रे आणि संपर्क क्रमांकही त्या पत्रांबरोबर जातात.

यावर उपाय आहेत. मेलसाठी मायक्रोसॉफ्टचे आउटलुक ॲप वापरल्यास असा आदेश त्या ॲपमधील माहितीपुरताच चालतो. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ हा स्वतंत्र कप्पा करता येतो. वैयक्तिक फोनवर कंपनीला तेवढाच कप्पा रिकामा करता येतो, घरची छायाचित्रे तिला दिसतही नाहीत. शिवाय हा कप्पा रात्री किंवा रविवारी थांबवून ठेवता येतो. नावातच विश्रांती असलेल्या उपनगरातील रहिवाशांनी ही सोय जरूर वापरावी! कंपनी कोणती पद्धत वापरते, हे खाते जोडण्यापूर्वीच संगणक विभागाला विचारून घ्यावे आणि खासगी माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी.

मेल उशिरा येत असल्यास दोष सर्व्हरचाच असतो असे नाही. अनेक हॅण्डसेट बॅटरी वाचवण्यासाठी मेल ॲपला पडद्याआड झोपवतात. सेटिंग्जमधील बॅटरीच्या यादीत त्या ॲपवरचे निर्बंध काढले की बहुधा काम होते. आयफोनच्या मूळ ॲपमध्ये जीमेल खाते ‘पुश’ने चालतच नाही, ठरावीक अंतराने मेल ओढून आणला जातो. तत्काळ सूचना हवी असल्यास जीमेलचे स्वतःचे ॲप घ्यावे लागते.

फोन चोरीला गेलाच, तर सर्वप्रथम संगणक विभागाला कळवावे. माहिती पुसण्याचा आदेश फोन इंटरनेटला जोडलेला असेपर्यंतच त्याच्यापर्यंत पोहोचतो. लगोलग सिमकार्डही बंद करावे. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत असल्याने त्यात दिरंगाई परवडणारी नाही.