अंबरनाथचे शिवालय

डोंबिवलीहून बदलापूरची गाडी धरली म्हणजे कल्याण, विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ओलांडून जे स्थानक लागते, त्याच्या पूर्वेस वालधुनीच्या काठी, आगपेट्यांच्या आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांमुळे लोकांना परिचित झालेल्या अंबरनाथ गावात, शिलाहारांच्या अमदानीतील एक काळ्या पाषाणाचे शिवालय उभे आहे.

ठाणे, म्हणजे तत्कालीन स्थानक, ही राजधानी करून उत्तर कोकणचा मुलूख सांभाळणारे हे शिलाहार महामंडलेश्वर म्हणविणारे, अर्थात पदवीने मांडलिक. परंतु छित्तराजाने आरंभिलेले आणि त्याचा बंधू मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पूर्णत्वास गेलेले, असे ज्याविषयी सामान्यतः मानले जाते, ते हे देवालय पाहिल्यावर त्या मांडलिकपणाचा मागमूसही लागत नाही. उत्तरद्वाराच्या आतील तुळईवरील शिलालेखाचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला होता. पुढे तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित झाला. दोन शतकांचा हा फरक केवळ दप्तरी नव्हे, कारण मंदिराची शैली भूमिज आहे. शिखराच्या चारी बाजूंनी उभ्या लता वर चढतात, आणि त्यांच्यामधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी, माळेत मणी ओवावेत तशा, थरांवर थर रचलेल्या असतात. माळव्यात परमार उदयादित्याचे उदयपूर येथील याच शैलीतील उदयेश्वर मंदिर त्याच सुमारास उभे राहत होते. तेव्हा कोकणाने ही शैली उशिरा उसनी घेतली, असे म्हणावयास जागा उरत नाही.

गाभाऱ्याची रचना मात्र विलक्षण आहे. सभामंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशी तीन द्वारे असून, तेथील कोरीव स्तंभांमधून पुढे गेल्यावर देवदर्शनासाठी वर चढावयाचे नसून वीसएक पायऱ्या खाली उतरावयाचे असते. माथ्यावरचे शिखर वरून उघडे असल्यामुळे त्या खोल चौकात थेट आकाशाचा उजेड पडतो. बाहेरच्या भिंतींना इतके कोन पाडले आहेत की मूळचा चौरस हरवतो आणि प्रत्येक कोनावर एखादी देवता वा सुरसुंदरी ऊनसावलीत उठून दिसते. बेसाल्टसारख्या हट्टी दगडात हे साधणारे पाथरवट कोण होते, हे कोरून ठेवण्याची तसदी राजांनी घेतली नाही; पांडवांनी एका रात्रीत मंदिर बांधले, असे सांगून गावकऱ्यांनी ते श्रेय परस्पर भलत्याच घराण्यास देऊन टाकले.

सन १८६८ च्या सुमारास मुंबई सरकारच्या हुकमावरून येथील शिल्पांची चित्रे व साचे तयार करविण्यात आले. आज इमारत केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला दर्शनाची रांग दूरवर जाते, आणि भिंतीवरील शिल्पे निवांत न्याहाळावयाची असतील त्याने तो दिवस सोडून जावे.