पुठ्ठ्याचा रंग, पुस्तकाचं नाव

इस्लामपूरच्या शेतकऱ्याच्या खापरपणजोबांचं कर्ज आणि लंडनच्या छापखान्यातला निळा कागद, यांचं नातं असू शकतं का? आहे, आणि ते मोठं मजेशीर आहे.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. कुणबी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा डोळा होता कर्जरोख्यांवर. हाती लागले की त्यांची होळी! लोण अहमदनगरला पोचलं, ठिणगी सातारा जिल्ह्यातही पडली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत छापला गेला. संसदेचे असे जाडजूड अहवाल निळ्या कागदाच्या वेष्टनात बांधत, म्हणून त्यांना म्हणत ‘ब्लू बुक’. या चौकशीतूनच पुढे 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आधी पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता होता. इस्लामपूरचा वाळवा तालुका तेव्हा साताऱ्यातच. आता न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यामागचा खरा व्यवहार उकरून पाहता येऊ लागला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं थांबलं.

गंमत पुढेच आहे. सरकारी निवेदन चार पानांचं असेल तर त्याला निळं वेष्टन कशाला? आतला पांढरा कागदच बाहेर. तीच श्वेतपत्रिका! नोव्हेंबर 2012 मध्ये सिंचनावरची श्वेतपत्रिका निघाली तेव्हा महाराष्ट्रभर तिची चर्चा झाली. पण त्या शुभ्र नावाच्या मुळाशी पावित्र्य नव्हतं, वाचवलेलं वेष्टन होतं.

मुखपृष्ठाच्या रंगावरून नावं अमेरिकेतही पडली. तिथे कायद्याचे संदर्भ कसे द्यावेत हे सांगणारं ‘ब्लूबुक’ 1926 पासून निघतं. त्याचं मुखपृष्ठ काही काळ तपकिरी होतं. 1939 मध्ये ते निळं झालं. तपकिरी रंग नाझींचा वाटू लागला होता, असं सांगतात. 1967 ची आवृत्ती तर पांढरी, फक्त निळ्या काठाची. शिकागो विद्यापीठाने प्रतिस्पर्धी पुस्तक काढलं ते स्वतःच्या मरून रंगात, म्हणून ते ‘मरूनबुक’. मान्यताप्राप्त औषधांची अमेरिकी सरकारी यादी ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखली जाते, तीही नारिंगी मुखपृष्ठामुळेच. तिथे औषधं विकणाऱ्या भारतीय कंपन्यांना ती चाळल्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणजे नाव ठेवलं कायदेपंडितांनी नाही, बांधणीवाल्याने. पण एकदा जिभेवर बसलेला रंग नुसता रंग राहत नाही. 2024 च्या विधानसभा प्रचारात संविधानाच्या खिशात मावणाऱ्या लाल आवृत्तीवरून महाराष्ट्रात वाद झडला. आतली कलमं तीच होती. भांडण लागलं ते मुखपृष्ठावरून. पुठ्ठा अर्थ सांगत नाही, हे खरं. पण लोक त्याला अर्थ चिकटवल्याशिवाय राहत नाहीत.