जमिनीच्या मोबदल्यातून शहरात फ्लॅट घ्यावा काय?

रस्त्यात जमीन गेली आणि मोबदला खात्यावर जमा झाला, की गावात सल्ला देणारे वाढतात. 'पुण्यात एक फ्लॅट घेऊन टाका, घरबसल्या भाडे येईल,' हा त्यातला नेहमीचा सल्ला. तो अगदीच टाकाऊ नाही. पण बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो; फ्लॅट घेताना मात्र रंगीत कागदावरचे चित्र पाहून इसार देऊन मोकळे होतो!

आधी हिशेब मांडू. समजा, फ्लॅट ५० लाखांचा आहे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क शेकडा ७ (घरातील बाईच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत) आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे झाले जवळजवळ ५४ लाख. भाडे महिना १४ हजार धरले, तर वर्षाचे १ लाख ६८ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३० हजार, घरपट्टी ८ हजार, रंग-दुरुस्ती १० हजार आणि एक महिना घर रिकामे राहिले तर १४ हजार वजा करा. हाती उरले १ लाख ६ हजार, म्हणजे शेकडा दोनसुद्धा नाहीत. बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते. पुढे फ्लॅटची किंमत वाढेल ती वाढेल, पण त्यावर आज चूल पेटत नाही.

कर्ज काढून घेणार असाल तर दुप्पट विचार करा. ३० लाखांचे कर्ज, व्याज शेकडा ९, मुदत २० वर्षे. हप्ता बसतो सुमारे २७ हजार. भाडे १४ हजार! वरचे १३ हजार कांद्याने द्यायचे की दुधाने?

तरीही घ्यायचाच, तर बांधून पूर्ण झालेला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला घ्या. इमारत अपुरी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

भाडेकरू ओळखीचा असला तरी करार लेखी करून नोंदवावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. खोटे ठरवायचे तर पुरावा आपणच द्यायचा.

मुले पुण्यात शिकत असतील, तर मात्र हिशेब निराळा. त्यांच्या खोलीचे भाडे वाचते, ते जमेस धरा.