दाराला कुलूप लागल्यावर

सकाळी नऊनंतर अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, कुणी नागापूरच्या एमआयडीसीत, कुणी शहरात. मुलं शाळेत आणि तिथूनच क्लासला. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोडच्या फ्लॅटमध्ये मागे उरतो तो लॅब्राडॉर किंवा पॉमेरेनियन. थोड्याच वेळात तो भुंकायला लागतो, मग हेल काढून रडतो. कुत्रं रडणं अशुभ म्हणून शेजारच्या आजी देवाचं नाव घेतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार पडते. संध्याकाळी मालकाला दिसतो ओरबाडलेला दरवाजा, फाडलेली चप्पल आणि फरशीवरची लघवी. ‘मुद्दाम करतो, राग काढतो आमच्यावर,’ असं म्हणत एक धपाटा बसतो.

इथेच सगळं चुकतं. पशुवैद्यक ज्याला ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात, ती एकटं पडण्याची निव्वळ भीती आहे, खोडी नव्हे. ‘पण त्याला चूक कळते की, बघा कसे कान पाडून बसलाय!’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली तो तपासला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याबाबत मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा त्याच्या करणीवर अवलंबून नव्हता, मालक रागावला की तो दिसायचा. खाऊला तोंडही न लावलेली कुत्रीसुद्धा ओरडा बसल्यावर तशीच ओशाळवाणी झाली. म्हणजे संध्याकाळच्या माराचा सकाळच्या दरवाजाशी काही संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की मालक घरी येणं हेही धोक्याचं आहे. दुसऱ्या दिवशीची वाट पाहणं मग आणखी कठीण.

माणसाच्या तान्ह्या मुलांची आईशी असलेली जवळीक मोजायला मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी एक चाचणी तयार केली होती. बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये तीच कुत्र्यांवर वापरली आणि मालकाशी असलेलं त्यांचं नातं बरंचसं तसंच निघालं. २०१० मधला ब्रिस्टल विद्यापीठातला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. एका जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागचं रिकामं असतं, हे कुत्र्यांना शिकवलं; मग भांडं मधोमध ठेवलं. एकटं राहिल्यावर कासावीस होणारी कुत्री त्या भांड्याकडे जायला जास्त वेळ घेत होती. रिकामंच असेल, असं जणू त्यांनी आधीच धरलेलं.

आपल्याच जिल्ह्यात पारनेरकडच्या धनगरांच्या वाड्यावरचं कुत्रं माणसं आणि मेंढरं यांच्यातच वाढतं. एकटं राहायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. दोन खोल्यांत आठ तास एकटं राहणं कुत्र्याच्या स्वभावात नाही, ते शिकवावं लागतं.

आधी ही भीतीच आहे ना, याची खात्री करा. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. तासाभराने कंटाळून उशी फाडणारं कुत्रं वेगळं. त्याला फिरवणं आणि खेळ पुरतो. घाबरलेलं कुत्रं बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकतं, लाळ गाळतं, दाराशी येरझारा घालतं.

उपचार कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. किल्ली उचला, चप्पल घाला आणि परत खुर्चीत बसा. या खुणांचा धसका गेला, की दाराबाहेर जाऊन काही सेकंदांत आत या. कुत्रं शांत राहिलं तरच वेळ वाढवा. अस्वस्थ झालं तर मागे या. घाई केली, की केलेलं वाया जातं. हे शिक्षण चालू असताना त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. आजी-आजोबा, शेजारी, ओळखीचं कुणीही चालेल, पाळ्या लावा. रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवून दिला तर सौम्य त्रासात मदत होते. फार घाबरलेलं कुत्रं त्याला तोंडही लावत नाही. (मनुके आणि चॉकलेट मात्र विषारी, विसरू नका.) साखळीने बांधणं किंवा पिंजऱ्यात कोंडणं टाळाच. सुटायच्या धडपडीत नखं आणि दात तुटतात. सोबतीला दुसरं कुत्रं आणण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. पण याला हवा असतो आपला माणूस, त्यामुळे अनेकदा दोन कुत्री सांभाळण्याची वेळ येते, बस्स.

त्रास जास्त असेल तर औषधं आहेत. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही माणसांसाठीची औषधं या विकारात कुत्र्यांनाही देतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि शिकवणं सोबत चालू ठेवावंच लागतं. घरातल्या कुणाची गोळी अर्धी करून देऊ नका. मात्रा पशुवैद्यकच ठरवतील.

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. ग्रुपवर तक्रार टाकण्याआधी तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून, किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ चालला, हे मालकाला कळवा. दिवसभर बाहेर असलेल्या त्या माणसाला हे ठाऊकच नसतं, आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.