शेतमालाचा ऑनलाइन लिलाव : मुळशीच्या भात उत्पादकांसाठी काही विचार

शेतकरी माल पिकवितो, पण त्याचा भाव बहुधा दुसराच कोणी ठरवितो. ही तक्रार जुनी आहे व ती निराधारही नाही. पीक उत्तम आले तरी विक्री कच्ची राहिली, तर वर्षभराचे श्रम पाण्यात जातात. यास्तव पेरणी, खते व पाणी यांच्याइतकेच लक्ष विक्रीच्या रीतीकडेही दिले पाहिजे. आज संगणक व भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने माल लिलावात मांडण्याची सोय झाली आहे. ही सोय कोणाच्या उपयोगाची आहे आणि ती यशस्वी कशी करावी, याचा येथे विचार केला आहे.

हिंजवडीचे उदाहरण

पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात हिंजवडी हे गाव आहे. येथील व शेजारच्या माण गावातील पुष्कळ जमीन राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानासाठी गेली. जेथे भाताची खाचरे होती तेथे आता मोठमोठ्या कचेऱ्या व गृहसंकुले उभी आहेत. तालुक्याच्या पश्चिम भागात मात्र भातशेती अद्याप टिकून आहे. आंबेमोहर हा या भागाचा नावाजलेला सुवासिक तांदूळ होय. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-157 व आय. आर.-8 यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी हा वाणही येथे लोकप्रिय आहे.

एकीकडे चांगला तांदूळ पिकविणारा शेतकरी आणि दुसरीकडे चांगला तांदूळ शोधणारी हजारो कुटुंबे, अशी स्थिती थोड्याच अंतरावर नांदत आहे. तरीही पुष्कळ शेतकरी सुगी होताच भात खळ्यावरच विकून मोकळे होतात. घेणेकरी दारात असतो, साठवणुकीस जागा नसते आणि गिऱ्हाईक कोठे भेटेल हे ठाऊक नसते. अशा विक्रीत भाव ठरविताना शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते. उरलेली जमीन पुढील पिढीने कसावी की विकावी, हा प्रश्न शेवटी याच हिशोबावर येऊन ठेपतो.

रुमालाखालून पडद्यावर

लिलाव ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला व 1897 साली वऱ्हाडसाठी बाजाराचा कायदा झाला. त्यापूर्वी, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, हत्ता पद्धत चालू होती. रुमालाखाली बोटे दाबून दलाल व व्यापारी भाव ठरवीत आणि मालाचा धनी बाजूस उभा राही. उघड लिलावाने हा पडदा दूर केला. महाराष्ट्रात 1963 च्या कायद्याने बाजार समित्यांचा कारभार एका चौकटीत आणला.

हॉलंडमध्ये ब्रूक ऑप लांगेडाइक या गावी 1887 साली भाजीचा लिलाव उलट्या रीतीने सुरू झाला. तेथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो व्यापारी प्रथम थांबवील त्याला माल मिळतो. फुले व भाजीपाला लवकर नासतो, म्हणून झटपट उरकणारी ही रीत तेथे रुजली.

भारतात 14 एप्रिल 2016 रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, ही योजना 8 राज्यांतील 21 बाजारांत सुरू झाली. मे 2020 पर्यंत ही संख्या 1000 वर गेली व त्यांत महाराष्ट्रातील बाजारांचाही समावेश झाला. या पद्धतीत माल फाटकावर येताच त्याची नोंद होऊन त्यास क्रमांक मिळतो. नंतर मालाची प्रत तपासली जाते व तिचा तपशील व्यापाऱ्यांना पडद्यावर दिसतो. ठरलेल्या वेळेत ते बोली लावतात. सर्वोच्च बोली मान्य करावयाची की नाकारावयाची हा अधिकार शेतकऱ्याचा असतो. मान्य केल्यावर वजन, करार व बिल होऊन रक्कम बँकेत जमा करता येते. आपल्या बाजार समितीत कोणत्या मालासाठी ही सोय चालू आहे याची चौकशी माल नेण्यापूर्वीच करावी.

स्वतःचे दुकान, स्वतःचा लिलाव

दुसरा मार्ग म्हणजे शेतकरी गटाने थेट ग्राहकांसाठी ऑनलाइन दुकान चालविणे. फळे व भाजीपाला यांची बाजार आवाराबाहेरील विक्री महाराष्ट्रात 2016 साली नियमनमुक्त झाली. तांदळासारखा टिकाऊ माल तर घरोघर पोहोचविण्यास अधिकच सोयीचा आहे. असे दुकान चालविताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

*किमान भाव आधी ठरवावा.* समजा, 10 क्विंटल भातास जागेवर क्विंटलला 2,500 रुपये, म्हणजे एकूण 25,000 रुपये मिळत आहेत. हाच भात भरडून 650 किलो तांदूळ मिळाला. भरडाईस 2,000, पाच किलोंच्या 130 पिशव्यांस 2,600, पोहोच करण्यास 3,900, तूट व परत आलेल्या मालापोटी 1,500 आणि घरच्या माणसांच्या मजुरीचे 4,000 असा 14,000 रुपये खर्च धरला, तर 39,000 रुपये हाती आले पाहिजेत. म्हणजे किलोला 60 रुपये हा किमान भाव झाला. येथील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हिशोब करावा. किमान भावाच्या खाली बोली थांबली, तर माल विकू नये. घरची मजुरी हिशोबात न धरणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

*मालाचे वर्णन खरे असावे.* अमेरिकेत 1995 साली पिअर ओमिड्यार यांनी ऑनलाइन लिलावाचे दुकान काढले. तेच पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आले. तेथे पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर दर्शक. तो बिघडलेला आहे हे सांगूनही त्यास 14.83 डॉलर आले, कारण घेणारा अशाच वस्तू जमवीत होता. तात्पर्य असे की दोष सांगितल्याने माल पडून राहतोच असे नाही. दोष लपविल्याने मात्र गिऱ्हाईक कायमचे जाते. तांदूळ नवा की जुना, हातसडीचा की गिरणीचा, कणीचे प्रमाण किती, हे स्पष्ट लिहावे. इंद्रायणीस आंबेमोहर म्हणून विकणे ही फसवणूकच होय. छायाचित्र विकावयाच्या मालाचेच द्यावे.

*सर्व मालाचा लिलाव करू नये.* रोजच्या तांदळास ठराविक भाव ठेवावा. हंगामाचा पहिला माल, थोड्या प्रमाणात असलेला खरा आंबेमोहर, निवडक फळांच्या पेट्या अशा मोजक्या मालासाठीच लिलाव शोभतो. समान वजनाचे लहान गट पाडावेत. बोलीची वाढ किती, मुदत कोणत्या दिवशी किती वाजता संपणार आणि पोहोच खर्च कोणाचा, हे आरंभीच जाहीर करावे. आपल्याच माणसाकडून खोटी बोली लावून भाव चढवू नये. घेणाऱ्याने रक्कम भरली नाही, तर माल दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारास देण्याचा नियमही आधीच सांगावा.

*माल वाळवून व मोजून भरावा.* साठवणुकीपूर्वी भातातील ओलावा 14 टक्क्यांच्या वर नसावा, अन्यथा बुरशी व कीड यांचा उपद्रव होतो. पिशवीवर मालाचे नाव, निव्वळ वजन, किंमत, भरल्याचा महिना आणि भरणाऱ्याचे नाव-पत्ता असावा. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा. अन्नसुरक्षा कायदा, 2006 नुसार लागणारी नोंदणी करून घ्यावी.

*पैशाच्या व्यवहारात सावध राहावे.* पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. तो मागणारा गिऱ्हाईक नसून भामटा समजावा. रक्कम जमा झाल्याचे केवळ छायाचित्र पाहून माल सोडू नये; बँकेच्या खात्यात पाहून खात्री करावी. फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

कार्यकर्त्यांचे काम

एकट्या शेतकऱ्यास पाच पिशव्या घेऊन शहरात जाणे परवडत नाही. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकाच वाणाचा, एकाच प्रतीचा तांदूळ एकत्र केला, तर वाहन एक लागते व नावही एकच होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे गट बांधावेत. एकाने माल तपासावा, एकाने नोंदवही ठेवावी, भ्रमणध्वनी हाताळण्यात तरबेज अशा तरुणाने वा तरुणीने बोली व पैशाचा हिशोब सांभाळावा आणि दर आठवड्यास तो सर्वांपुढे वाचून दाखवावा. पहिल्या हंगामात सर्व माल या मार्गाने न घालता थोडाच घालावा व अनुभव घेऊन पुढे जावे.

ऑनलाइन लिलाव हा काही चमत्कार नव्हे. बाजारात मालाची रेलचेल झाली, तर पडद्यावरही भाव उतरतात. तथापि बोली सर्वांसमोर होणे, ती नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती असणे आणि नाकारण्याइतके बळ त्याच्या हिशोबात व साठवणुकीत असणे, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे विक्रीत त्याची बाजू लंगडी राहत नाही. येत्या सुगीपूर्वी प्रत्येक गावात निदान एका गटाने आपला किमान भाव वहीत मांडून ठेवावा. दुकानाचा पाया त्या एका पानावरच घातला जाईल.