लिटरमागे माणसं

परभणी, बुधवार, ६ एप्रिल २०२२. सकाळचे सहा वाजलेत आणि वसमत रोडवरच्या पंपावर आकडे बदललेत. पेट्रोल १२३ रुपयांच्या वर गेलंय, काल रात्रीपेक्षा सुमारे ८० पैशांनी जास्त. नोव्हेंबरपासून साडेचार महिने आकडा जागचा हलला नव्हता. २२ मार्चला चढायला लागला आणि पंधरवड्यात लिटरमागे दहा रुपये चढला. पाडवा होऊन चारच दिवस झालेत.

रांगेत दूधवाले आहेत, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. पेपरवाला आहे. हँडलला गोणपाटाची पिशवी अडकवलेला एक गवंडी आहे, पिशवीतून थापी आणि ओळंब्याची दोरी डोकावतेय. लिटरात कुणीच मागत नाही. "शंभराचं." "पन्नासचं." "शंभराचं टाक, चिल्लर नाही माझ्याकडं." नोझल धरलेला पोरगा प्रत्येकाला "झिरो बघा" म्हणतो आणि प्रत्येक जण वाकून बघतो. शंभराला मशीन ०.८१ लिटरवर थांबतं. पंधरवड्यापूर्वी ते ०.८८ पर्यंत जायचं. नोट तीच, पण चांगल्या चालणाऱ्या मोटारसायकलचे चार किलोमीटर त्यातून गेले.

एक म्हातारे बाबा खास पहाटे आलेत. सकाळी पेट्रोल गार आणि घट्ट असतं, त्यामुळे मापात जास्त येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. पोरगा त्यांना समजावतो, "टाकी जमिनीखाली हाय बाबा. खाली दिवसरात्र सारखंच असतंय. दुपारी आलात तरी तेवढंच." त्यांच्यामागचा तरुण मुद्दाम एकशे दहाचं मागतो, शंभराला मशीनमध्ये सेटिंग केलेलं असतं, असं तो उघड बोलून दाखवतो. पोरगा चिडत नाही. ऑफिसच्या दाराशी ठेवलेलं पाच लिटरचं पितळी माप दाखवून म्हणतो, "शंका असंल तर मापून देतो. शिक्का हाय त्याच्यावर." वैधमापनवाल्यांनी तपासून दिलेलं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला ते मागता येतं, पाच लिटरमागे २५ मिलिलिटरच्या वर फरक निघाला तर ते मशीन चालवता येत नाही. तरुणाला घाई आहे, तो निघून जातो. त्याने पाच मिनिटं थांबायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. संशय घेऊन रोज दहा रुपये जास्त देण्यापेक्षा एकदा मोजून घेतलेलं बरं.

पंपाचे मॅनेजर टँकरची वाट बघतायत. टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून. ते भाडं लिटरवर चढतं, म्हणूनच राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचं नाव पहिलं असतं. मुंबईत आज १२०.५१ आहे. "लोकांना वाटतं आमची चांदी झाली," मॅनेजर म्हणतात. "आमचं कमिशन लिटरवर. बारा हजार लिटरच्या टँकरला आता सव्वा लाख जास्त भरावे लागायलेत, आणि खप उतरला. गल्ला तेवढाच दिसतो, डिप टाकली की कळतं टाकीत किती उरलंय."

दहा रुपये कशाचे, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. युक्रेनमध्ये युद्ध पेटलंय, कच्चं तेल भडकलंय. एका लिटरमागे केंद्राची २७ रुपये ९० पैसे एक्साइज आहे आणि राज्याचा व्हॅट वेगळा, हेही निम्म्या रांगेला तोंडपाठ आहे. पण युद्ध इथून थांबत नाही आणि कर इथून कमी होत नाही. हातात राहते ती आपली गाडी.

गवंडीभाऊ पेट्रोल न भरताच रांगेतून बाहेर पडतात. आधी गॅरेज, मग पेट्रोल, असं त्यांनी ठरवलंय. मी त्यांच्यासोबत जातो.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक शेड. मिस्त्रींचा रोजा आहे; सहरी करून ते झोपलेच नाहीत, दुपारचं ऊन चढण्याआधी काम उरकायचं म्हणून दुकान उघडून बसलेत. गाडी जुनी, शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली. तक्रार एकच: अ‍ॅव्हरेज देत नाही. काल संध्याकाळी मिस्त्रींनी बाटली लावली होती. टाकीची नळी काढून हँडलला छोटी बाटली टांगायची, सिरिंजने मोजून १०० मिलिलिटर पेट्रोल भरायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. काल ती ४.३ किलोमीटरवर बंद पडली. म्हणजे लिटरला ४३.

मिस्त्री इंजिनाला हातच लावत नाहीत. गाडी डबल स्टँडवर घेतात, न्यूट्रल करतात आणि मागचं चाक हाताने फिरवतात. चाक खर्र खर्र करत दीड फेरा घेतं आणि थांबतं. "बघा. ब्रेक धरायलाय. इंजिन पुढं ओढतंय आणि ब्रेक मागं." ते ब्रेक रॉडचा नट दोन आटे सैल करतात, पुन्हा चाक फिरवतात. आता ते आवाज न करता फिरतंय, फिरतच राहतंय. गवंडीभाऊ खाली बसून ते थांबेपर्यंत बघतात. मग हवा. मागच्या चाकात २८ पाहिजे, निघते १८. एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला तर आधी काळ्या मातीची भुकटी पडते आणि मग राखाडी. ती सिमेंटची, साइटवरची. इंजिनाला श्वास पुरत नाही, म्हणून पेट्रोल अर्धवट जळतं, आणि त्याची खूण प्लगवर आहे: टोकावर मखमलीसारखी काजळी. नीट जळत असतं तर टोक विटकरी दिसलं असतं. मिस्त्री प्लग घासतात, फिल्टर बदलतात, कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू कान देऊन फिरवतात. इंजिनाचा आवाज एका ठिकाणी गोल होतो, तिथे हात थांबतो.

पुन्हा बाटली. मला वाटतं मिस्त्री स्वतः चालवून बघतील. ते किल्ली गवंडीभाऊंच्या हातात देतात. "मी चालवली तर माझं अ‍ॅव्हरेज निघंल. पेट्रोल तुम्हाला भरायचंय." गाडी ५.१ किलोमीटरवर बंद पडते. गवंडीभाऊ खूश आहेत, मिस्त्री नाहीत. त्यांनी गाडी निघताना पाहिलीय. "क्लच अर्धा दाबून रेस कामून देता? उजवा पाय ब्रेकवर ठेवून कामून चालवता? चाळीसला टॉप टाका, पन्नासच्या वर जाऊ नका. पुढं गतिरोधक दिसला की तिथूनच रेस सोडा, जवळ जाऊन ब्रेक मारू नका." आणि बोट वर करून, जरा रागानेच, "उतारावर गाडी बंद करून सोडायची नाही. चार थेंबांसाठी जीव जाईल."

दुसऱ्या फेरीत तीच गाडी, तेच १०० मिलिलिटर, ५.८ किलोमीटर. पाना-पकडीने आठ किलोमीटर वाढले होते, हाताने आणखी सात वाढले. गवंडीभाऊंचं सध्याचं काम वसमतला आहे, जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. कालच्या हिशेबाने रोजचे दोनशे तीस-चाळीस रुपये पेट्रोलला जात होते. आता पावणेदोनशे-एकशे ऐंशी जातील. हजेरी सातशे. एसटी असताना ते गाडी घरी ठेवायचे. दिवाळीपासून संप आहे, बऱ्याचशा गाड्या अजून आगारातच उभ्या आहेत.

मीही वसमतलाच निघालोय. ते मला मागे बसवतात आणि निघण्याआधी मिस्त्री मागच्या चाकात आणखी हवा भरतात. दोघांच्या वजनाला २८ पुरत नाही.

रस्त्यावर भाऊ मिस्त्रींचं ऐकतात. काटा पन्नासच्या जवळ धरलाय. शेजारून कॉलेजची पोरं सत्तर-ऐंशीने जातात, त्यांचे शर्ट पाठीवर फुगलेत. पन्नासवरून सत्तरला गेलं की वाऱ्याचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो आणि त्याच्याशी झुंजायला लागणारं पेट्रोल शंभराच्या त्याच नोटेतून जातं. हळदीची पोती भरलेले ट्रॅक्टर वसमतच्या मोंढ्याकडे चाललेत. डिझेलनंही शंभरी ओलांडलीय. नांगरटीचे दिवस आलेत आणि एकराचा दर काय सांगायचा यावर गावोगाव ट्रॅक्टरवाले आणि शेतकरी अडून बसलेत.

झिरो फाट्यावर चहाला थांबतो. इथे एका कारमधून चार शिक्षक उतरलेत. चौघंही परभणीहून अप-डाऊन करतात, चार वेगवेगळ्या शाळांत, पण एकाच रस्त्यावरच्या. फेब्रुवारीपर्यंत चौघांच्या चार गाड्या होत्या. आता आठवडा-आठवडा वाटून एकाची कार निघते आणि पुढे फाट्यापासून गावातलं कुणी घ्यायला येतं. त्यातले एक सर इलेक्ट्रिक स्कूटरच्या विचारात होते, पण गेल्या महिन्यात पुण्यात रस्त्याच्या कडेला पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ घरच्यांनी पाहिला आणि तो विषय संपला. "कार सोळाच देते," दुसरे सर सांगतात, "पण चौघं आहोत ना."

मी तिथेच कपाच्या कडेला बोटाने हिशेब मांडतो. कार लिटरला सोळा, चौघं, म्हणजे एका लिटरमध्ये ६४ किलोमीटर माणूस गेला. गवंडीभाऊ एकटे गेले तर ५८. मी मागे बसलो की शंभराच्या पार. आणि एसटीची लाल गाडी, जी लिटरला जेमतेम साडेचार-पाच किलोमीटर देते, ती चव्वेचाळीस जणांना बसवून निघाली तर दोनशेच्या आसपास. या रस्त्यावर सगळ्यात कमी अ‍ॅव्हरेज देणारी गाडी एका माणसाला सगळ्यात स्वस्तात नेते. गाडी विकत घेताना आपण लिटरमागे किलोमीटर विचारतो. लिटरमागे माणसं किती, हे विचारलं पाहिजे. आणि तो प्रश्न शोरूममध्ये नाही, एसटी स्टँडवर विचारावा लागतो. एसटीवाल्यांच्या मागण्या मला रास्त वाटतात. पण गाड्या जितके दिवस उभ्या राहतील तितके दिवस हा रस्ता एकेकट्या मोटारसायकलींनी भरलेला राहील, आणि त्याचं बिल ज्यांची हजेरी सातशे आहे ते भरतील.

काळी-पिवळीवाला दहा रुपये वाढवून मागतोय. आत चौदा जण कोंबलेत, मागच्या दाराच्या पायरीवर दोघं लोंबकळतायत. एक बाई लेकराला कडेवर घेऊन भांडतेय, "परवा तर वाढवले होते की!" तो नुसताच हाताने डिझेलच्या टाकीकडे दाखवतो.

तेवढ्यात परभणीकडून लाल गाडी येते. खरीखुरी एसटी, वसमतची पाटी लावलेली. फाट्यावरची गर्दी हॉटेल सोडून धावते. गवंडीभाऊ एका क्षणात ठरवतात: मोटारसायकल हॉटेलवाल्याकडे लावायची, थापीची पिशवी काढून घ्यायची, एसटीने जायचं. हॉटेलवाला मान हलवून हो म्हणतो. भाऊ एका पायाने पायरीवर चढलेत आणि कंडक्टरना विचारतात, "साहेब, संध्याकाळी परत कितीला?"

"संध्याकाळचं सांगता येत नाही. आज आगारात कामावर दोनच ड्रायव्हर आलेत. आली तर आली."

भाऊ पायरीवरून खाली उतरतात. साइट सुटते सहाला, रात्रभर वसमतला थांबायचं कुठे? एसटीत जागा न मिळालेला एक पोरगा हातात आयटीआयची फाइल धरून बाजूला उभा आहे. मी त्याला माझी जागा देतो. मला काळी-पिवळीही चालेल, आणि मला सहाला परतायचं नाही. भाऊ त्याला सांगतात, "चल, वसमतला सोडतो. येताना सहाला मोंढ्याच्या कोपऱ्यावर थांब. वीस दे जायचे, वीस यायचे. उद्यापण येणार असशील तर सांग, सात वाजता पंपावर."

पोरगा लगेच हो म्हणतो, आणि परवाचं विचारतो.