गाइड निघून जातात तेव्हा

परभणीच्या कृषी विद्यापीठात एखादी विद्यार्थिनी रब्बी ज्वारीवर पीएच.डी. करते आहे असे समजा. ऑक्टोबरमध्ये पेरणी झाली, आता कणसे भरत आली आहेत. काढणी झाली की दाण्यांतले लोह आणि जस्त मोजायचे आहे. अशात जानेवारीत कळते की सरांची बदली झाली. प्लॉट इथेच राहणार, सर जाणार. मोजणी यंदा हुकली तर पुढची संधी पुढच्या रब्बीत, म्हणजे एक अख्खे वर्ष वाया. फेलोशिपचे महिने मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

मार्गदर्शक मध्येच जाण्याची कारणे साधीच असतात: बदली, निवृत्ती, दुसऱ्या संस्थेत मिळालेली जागा, आजारपण, कधी मृत्यूही. महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात तर एका विषयाला एक किंवा दोनच मान्यताप्राप्त गाइड असतात. ते गेले की शेजारच्या खोलीत दुसरे कोणी नसते. विद्यार्थ्याला पहिल्यांदा वाटते ते हेच, की आपली पीएच.डी. सरांबरोबर गेली. तसे नसते. हे दाखवणारे सर्वात चांगले उदाहरण आपल्याच घरातले आहे.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांची बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहू आणि मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची ती प्रयोगशाळा. जागा इतकी अपुरी होती, की डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपले टेबल त्यांना दिवसा वापरायला दिले आणि रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत, असे सांगतात. काम सुरू झाले आणि रिश्टर दुसरीकडे निघून गेले. परका देश, थोडकी मुदत, आणि गाइड नाही.

कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. हिल यांचे काम त्याच धाटणीचे होते, पण वनस्पतींच्या ऊतींवर. विषयाचा गाभा आणि हातातली कसब तीच ठेवून त्यांनी अभ्यासाची वस्तू बदलली. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम-सी सापडले. पेशी श्वसन करते, अन्नातून ऊर्जा काढते, त्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारे हे प्रथिन. हा शोध मांडणारा त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता आणि १९३९ मध्ये त्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली. (आजचे अडीचशे पानी प्रबंध पाहिले की हे चाळीस पानांचे प्रकरण वारंवार आठवते.)

सगळ्यांच्याच वाट्याला रॉबिन हिल येत नाहीत, हेही तितकेच खरे. याचा एक अभ्यास अर्थशास्त्रज्ञ फाबियान वाल्डिंगर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये नाझी सत्ता येताच जर्मनीतल्या गणिताच्या सुमारे १८ टक्के प्राध्यापकांना काढून टाकले गेले. त्यांच्या विभागातले पीएच.डी.चे विद्यार्थी मागेच राहिले. ज्या विभागांतून उत्तम गणिती गेले, तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध प्रसिद्ध होण्याचे आणि पुढे त्यांच्यापैकी कोणी प्राध्यापक होण्याचे प्रमाण घटले. म्हणजे गाइड गेल्याची किंमत मोजावी लागते, आणि ती वर्षानुवर्षे मोजावी लागते. विद्यार्थ्याला ‘एवढे काय त्यात, दुसरे सर बघ’ असे सहज म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

मनावरचा ताण हा याचाच दुसरा भाग. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे साधारण तिघांपैकी एकाला नैराश्यासारख्या मानसिक आजाराचा धोका दिसला. प्रेरणा देणारा मार्गदर्शक ज्यांना लाभला होता, त्यांच्यात तो कमी होता. तेव्हा गाइड जाताना विद्यार्थ्याची झोप उडाली, भूक मंदावली, प्रयोगशाळेत पाऊल टाकवेना, तर त्याला आळस म्हणू नये. दोन-तीन आठवडे हे टिकले तर डॉक्टरांना भेटावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आता नियमांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. नियम वाचले तर दोन-तीन गोष्टी हाताशी येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी घेतलेल्यांना मात्र निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करता येते आणि त्यानंतर वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहता येते. म्हणजे सर निवृत्त झाले म्हणून नाते तुटत नाही, फक्त मुख्य मार्गदर्शक नवा लागतो. प्रवेश घेतानाच सरांची निवृत्ती कधी आहे हे विचारायला लाजू नये. विचारले म्हणून रागावणारे सर असतील, तर ते कळलेलेही बरेच.

दुसरी तरतूद विद्यार्थिनींसाठी आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले, तर संशोधनाची माहिती दुसऱ्या संस्थेत नेता येते. अट अशी, की ते काम मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मिळालेल्या निधीच्या प्रकल्पातले नसावे, आणि आधीच्या संस्थेला व मार्गदर्शकाला योग्य श्रेय द्यावे. तरतूद चांगली आहे. पण गाव विद्यार्थिनीने नव्हे तर गाइडने बदलले, तर काय? तो प्रश्न विद्यार्थी-विद्यार्थिनी दोघांचाही आहे आणि त्यालाही इतकेच स्पष्ट उत्तर असायला हवे होते.

या अटीतच भांडणाचे मूळ आहे. काम कोणाचे? प्रकल्पाचा निधी सरांच्या नावावर आला असेल, तर यंत्र, रसायने, कधी बियाणेही त्या प्रकल्पाचे. विद्यार्थ्याजवळ राहते ते प्रश्न विचारण्याचे कौशल्य, शिकलेली पद्धत आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदी. म्हणून बदलीची बातमी कानावर आली, की रडून झाल्यावर (ते होऊ द्यावे) पहिले काम नोंदवह्यांचे. कोणता नमुना कोणत्या पिशवीत, कोणत्या तारखेचा, कोणत्या शीतकपाटात, हे सरांसमोर बसून लिहून घ्यायचे. कोणता शोधनिबंध कोणाच्या नावाने जाईल, तेही तेव्हाच ठरवायचे. सर नव्या गावी रमल्यावर फोनवर या गोष्टी निघत नाहीत.

दुसरे काम सल्लागार समितीकडे जाण्याचे. कृषी विद्यापीठात विद्यार्थ्याची समितीच असते, तिचे अध्यक्ष गाइड आणि सदस्य इतर विभागांतले. समितीतल्या एखाद्या सदस्याला तुमचा प्रयोग आधीपासून माहीत असतो. ज्वारीच्या त्या विद्यार्थिनीच्या समितीत अन्नशास्त्राच्या मॅडम असतील, तर पीक-पैदाशीच्या बाजूने सुरू झालेला विषय त्यांच्या हाताखाली पोषणाच्या बाजूने पुरा करता येतो. दाणे तेच, लोह-जस्त तेच, प्रश्न थोडा वळतो. परभणीत याला जमीनही आहे: जास्त लोह आणि जस्त असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण याच विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने काढले आणि ते २०१८ मध्ये प्रसारित झाले.

नव्या गाइडकडे जाताना ‘मला सांभाळून घ्या’ म्हणण्यापेक्षा दोन पानी टिपण न्यावे: काय झाले, काय उरले, किती महिन्यांत होईल, कोणती यंत्रे लागतील. आणि विषय पूर्ण बदलायचा आग्रह नव्या सरांनी धरला, तर मुदत मोजून बघावी. नियमानुसार पीएच.डी.ला सहा वर्षे मिळतात. फेरनोंदणीने आणखी दोन, स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. जेआरएफची फेलोशिप मात्र एसआरएफ धरून एकंदर पाचच वर्षे चालते.

आणि उभ्या ज्वारीचे काय? काढणी ठरल्या दिवशीच करायची. सरांच्या बदलीचा आदेश येवो न येवो, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावून दाणे वाळवून ठेवायचे. मोजणी कोणाच्या प्रयोगशाळेत करायची ते नंतर ठरवता येते.